सर, पुरवणी

फेब्रुवारी अर्धा सरला की मला पहाटे दाराच्या कडीचा आवाज येऊ लागतो. कडी कुणी काढलेली नसते. तरी मी उठून बसते, कान देते. बाहेर कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर चाललेले असतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून. वारा त्या बाजूचा असला तर मळीचा गोडसर, आंबूस वास घरभर पसरतो. कोल्हापुरात या दिवसांत थंडी गेलेली असते आणि ऊन अजून चावायला लागलेलं नसतं. लोक म्हणतात, बरे दिवस. मला मात्र याच दिवसांत धड झोप लागत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेचं केंद्र. या दिवसांत तिच्या फाटकाशी पोलीस बसतो, जवळची झेरॉक्सची दुकानं बंद राहतात, आणि पेपरच्या सकाळी आया फाटकाचे गज धरून उभ्या असतात. मुलं आत दिसेनाशी झाली तरी त्या हलत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती माझ्या ओळखीची आहे. फरक एवढाच की त्या वर्षी फाटकाच्या आत जाऊ पाहणारं माझं मूल नव्हतं, माझे वडील होते.

अण्णा याच शाळेत गणिताचे शिक्षक होते. परीक्षेच्या केंद्राची जबाबदारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडं असायची. माझ्या लहानपणी हे दिवस आले की घराचा सूर बदलायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट खुंटीवर, बुटांना पॉलिश, आणि आईला बजावणं, "उद्या मला लवकर निघायचंय, पोरं आधी येऊन उभी राहतात." पोरं एकटी उभी राहता कामा नयेत, हा त्यांचा आग्रह होता. घाबरलेल्या मुलाला ओळखीचा मास्तर दिसला की निम्मा पेपर सुटतो, असं ते म्हणत. वर्गात मात्र भलतेच कडक. त्यांचा जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की मोठेपणीही हातातली सिगारेट टाकून द्यायचा.

आई गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मग अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जाणार, एवढं स्पष्ट सांगितलं. तरी उन्हाळा-पावसाळा आम्ही रेटला. खरी परीक्षा फेब्रुवारीत सुरू झाली. ट्रॅक्टरचे आवाज, मळीचा वास, सकाळची ती कोवळी हवा, यांतलं काय त्यांना आतून हलवून उठवायचं कोण जाणे. पण एका सकाळी मी उठले तर दार सताड उघडं आणि खुंटीवरचा शर्ट गायब.

सापडले ते शाळेच्या फाटकाशी. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायांत घरातल्या चपला. पोलीस अदबीनंच अडवत होता. "पावणं, आत न्हाई सोडता येत. कुणाचा नंबर हाय तुमच्यातल्या?"

"मी केंद्र बघतो इथलं," अण्णा म्हणत होते. "वेळ चाललाय. पोरं खोळंबलीत आत."

मी त्यांचा हात धरला आणि मला जे खरं ते सांगितलं. "अण्णा, तुम्ही रिटायर झालाय. कधीच झालाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणसाला त्याच्या घरातल्या मृत्यूची बातमी द्यावी तसा तो चेहरा झाला. फाटकाजवळच्या आया आमच्याकडं बघत होत्या. मी त्यांना हात धरून घरी आणलं. आणि दुसऱ्या सकाळी सगळं विसरून पुन्हा निघाले. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच चेहरा. ती बातमी त्यांना रोज नव्यानं मिळत होती, आणि रोज ती देणारी मीच होते. मी दाराला वर एक कडी बसवून घेतली. मग ते दारापाशी उभे राहून कडी खडखडवू लागले. तो आवाज माझ्या डोक्यात तेव्हापासून राहिलाय.

माझं काम शिक्षकांना शिकवण्याचं. प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांना खेळातून कसं शिकवावं याची प्रशिक्षणं मी घेते. नाटकवाले तालमीत खेळतात तसले खेळ. संवाद ठरलेले नसतात, गोष्ट ठरलेली नसते. समोरचा जे देईल ते घ्यायचं आणि त्यात आपलं थोडं घालायचं. एक जण म्हणतो, "आपण सहल काढू." दुसऱ्यानं "नाही, पण" असं म्हणायचं नाही. "हो, आणि" असंच म्हणायचं. आमच्याकडं त्याचं आपोआप "व्हय, आणि" होतं. व्हय, आणि जाताना बैलगाडीनं जाऊ. व्हय, आणि बैलांना गॉगल घालू. बघता बघता पन्नाशीतली माणसं पोरांसारखी हसू लागतात.

दुसरा एक खेळ आहे, दोघांनी समोरासमोर उभं राहून आळीपाळीनं एक, दोन, तीन असे आकडे म्हणायचे, मग मधल्या आकड्याऐवजी टाळी वाजवायची. सोपा वाटतो, पण हमखास चुकतं. चुकलं की दोन्ही हात वर करून मोठ्यानं "चुकलो" म्हणायचं, आणि सगळ्यांनी ओरडायचं, "नाद खुळा." चुकीची लाज तेवढी बाहेर पडून जावी म्हणून. ज्या मुलाला चुकायची भीती वाटते ते हातच वर करत नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगायचे. सांगताना माझा आवाज छान लागायचा.

त्या वर्षी पेठ वडगावच्या एका शाळेत माझं प्रशिक्षण चालू होतं. रोज सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी परत. दिवसभर अण्णांजवळ शेजारच्या महादेवीअक्का बसायच्या. माहेर निपाणीकडचं, बोलता बोलता कानडीत शिरायच्या. अण्णांना त्यांचं निम्मं कळायचं नाही, पण त्यांचा आवाज आवडायचा. मी तिकडं हॉलमध्ये खेळ घ्यायचे आणि माझं लक्ष पर्समधल्या फोनवर असायचं. कुणी हसलं तरी मला फोन वाजल्यासारखं व्हायचं. "समोरच्याकडं पूर्ण लक्ष द्या, डोक्यात पुढचं काही आखू नका," असं मी शिक्षकांना सांगत होते, आणि माझ्या डोक्यात अण्णा रंकाळ्याच्या काठानं एकटेच चालत निघालेले असायचे.

त्या गटात खोत गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. उंच, रुंद खांद्यांचे, निवृत्तीला आलेले. चंदगडच्या पावसात, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांवर बरीच वर्षं काढून इकडं बदलून आलेले. ते मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसायचे. खेळात यायचे नाहीत. एकदा मी आग्रह केला तर म्हणाले, "बाई, रागावू नका, पण हे पोरखेळ आमच्याकडनं करून घ्यून काय मिळणार हाय? पोरास्नी वाचाय येत न्हाय, आणि आम्ही टाळ्या वाजवाय शिकतोय." हॉलमध्ये काही जण हसले. मी पुढच्या जोडीला बोलावलं. घरी येताना बसमध्ये वाटलं, त्यांचं बरोबर असेल तर? मी रोज माणसांना "हो, आणि" म्हणायला शिकवते आणि घरी जाऊन एका म्हाताऱ्याला दिवसभर "नाही" म्हणते. या खेळांत काही दम असता तर तो आधी माझ्या घरात दिसला असता.

मग एका सकाळी महादेवीअक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लेकीला दवाखान्यात नेलं होतं, बाळंतपण अडलं होतं, त्यांना निपाणीला निघायलाच हवं होतं. दुसरं कुणी नव्हतं. प्रशिक्षण रद्द करायची सोय नव्हती, शिक्षक लांबून लांबून निघालेले. मी अण्णांना तयार केलं. त्यांनी पांढरा शर्ट मागितला, मी दिला. "कुठं जायचंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "शाळेत." ते एवढे खूश झाले की मला पुढचं बोलवेना.

बसमध्ये ते खिडकीशी बसून बाहेरच्या उसाकडं बघत राहिले. मी त्यांच्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं. काय काय होऊ शकतं याची उजळणी चालली होती. ते भर हॉलमध्ये मला ओळखेनासे होतील. कुणावर तरी ओरडतील. लघवीला कुठं जायचं ते कळणार नाही. लोक हसतील. ज्या माणसासमोर अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा त्याला लोक हसतील, आणि मला ते बघावं लागेल.

हॉलमध्ये त्यांना खिडकीजवळ खुर्ची दिली, हातात वर्तमानपत्र दिलं. शिक्षकांना म्हणाले, "हे माझे वडील. आज घरी कुणी नाही, म्हणून आणलंय." आजाराबद्दल काही बोलले नाही. मग खेळ सुरू केला, आकडे आणि टाळ्यांचा. हॉल भरून गलका झाला. "चुकलो", "नाद खुळा", हशा. मी एका जोडीजवळ वाकून काही सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"गप्प बसा सगळे."

मी वळले. अण्णा पुढं, फळ्यासमोर उभे होते. ताठ. त्यांची पाठ इतकी सरळ मी किती तरी दिवसांत बघितली नव्हती.

"परीक्षेची वेळ झालीय आणि गोंधळ कसला चाललाय? आपापल्या जागेवर बसा. पुस्तकं, दप्तरं सगळी बाहेर ठेवा."

हॉल एकदम शांत झाला. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी त्यांच्याकडं निघाले. ओठांवर तेच वाक्य आलं होतं, रोजचं. अण्णा, तुम्ही रिटायर झालाय. ते मी आता या माणसांच्या देखत म्हणणार होते आणि त्यांचा चेहरा पडलेला सगळ्यांनी बघितला असता.

मागच्या भिंतीशी हालचाल झाली. खोत गुरुजी उठले. आपली पिशवी उचलून बाहेर व्हरांड्यात गेले, ती भिंतीशी ठेवली आणि परत आले. कडेला लावून ठेवलेला एक बाक त्यांनी ओढला, त्यावर एकटेच बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "सर, माझा नंबर हितंच हाय न्हवं?"

अण्णांनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. "इथंच. सरळ बस."

मग एक बाई उठल्या. मग आणखी दोघं. पिशव्या, पर्स, डबे व्हरांड्यात गेले, बाकं सरकली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं माझ्यासमोर परीक्षेचा वर्ग बसलेला होता, पिकल्या केसांचा, साड्यांचा, ढेऱ्यांचा. आणि मी एकटीच मध्ये उभी.

"बाई, उत्तरपत्रिका वाटा," अण्णा मला म्हणाले.

मी टेबलावरचे कोरे कागद उचलले आणि वाटत गेले. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळे परीक्षेला बसलेल्या मुलांसारखे कागदाकडं बघत होते.

"आधी नाव, नंबर," अण्णा रांगांमधून चालत सांगू लागले. "घाई करायची नाही. येतंय ते आधी सोडवा. अडलं तर तिथंच बसून राहू नका, पुढं चला. परत यायला वेळ मिळतो." हीच वाक्यं मी दारामागून ऐकली होती, ते शिकवणीच्या मुलांना सांगत तेव्हा. त्यांचा आवाज जड नव्हता, अडखळत नव्हता. पाठीमागं हात बांधून ते चालत होते, आणि ज्या बाकाशी थांबत तिथला माणूस खरोखर अंग चोरून लिहायला लागत होता.

खोत गुरुजींनी मान वाकडी करून शेजारच्या बाईंच्या कागदात बघितलं. अण्णांनी बरोबर टिपलं. दोन बोटांनी बाक वाजवला. "स्वतःचं लिही. चुकलं तरी स्वतःचं असू दे."

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "चुकलो, सर."

कोपऱ्यातून कुणाच्या तरी तोंडून सवयीनं निघून गेलं, "नाद खुळा." मी अण्णांकडं बघितलं. आता हसतील, आता सगळं फुटेल. अण्णा सावकाश त्या कोपऱ्याकडं वळले.

"कोण बोललं?"

कुणी हसलं नाही. वडगावचेच एक तरुण शिक्षक उभे राहिले, कान लाल झालेले. "मी, सर. परत न्हाई बोलणार."

"बस. पेपर संपेपर्यंत आवाज नको."

ते बसले. पंख्याचा आवाज आणि कागदावर चालणारी पेनं, एवढंच ऐकू येत होतं. मग पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेनं हात वर केला आणि म्हटलं, "सर, पुरवणी."

अण्णांचा चेहरा उजळला. परीक्षेत पुरवणी मागणारं मूल त्यांना फार आवडायचं. आपल्याकडं लिहायला काही आहे, एवढा भरवसा घेऊन आलेलं मूल. ते लगबगीनं माझ्याकडं आले, एक कोरा कागद घेतला आणि त्या बाईंना नेऊन दिला, दोन्ही हातांनी. "शाब्बास," ते हळूच म्हणाले. "नंबर घालायला विसरू नकोस."

त्यांनी मनगटाकडं बघितलं, घड्याळ नव्हतं तरी, आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. मग दमून खुर्चीवर जाऊन बसले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

मग एकेक जण उठून पिशव्या घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत मी खोत गुरुजींना गाठलं. म्हणाले, "गुरुजी, तुमचे उपकार झाले."

ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "कसलं उपकार? आम्हाला वाटलं, हा बी तुमचाच खेळ हाय. सरांस्नी मुद्दाम आणलासा."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं की मला संकोच नको म्हणून ते तसं म्हणत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

"चांगला होता," ते म्हणाले आणि जेवू लागले.

त्यानंतर घरातली सकाळ बदलली, पण सोपी झाली असं म्हणवत नाही. अण्णा उठून शर्ट मागू लागले की मी म्हणायचे, "हो, आणि कालचे पेपर तपासायचे राहिलेत." ते टेबलाशी बसायचे आणि लाल पेननं वडगावचा तो गठ्ठा तपासायचे. कडी खडखडायची थांबली. पण प्रत्येक गोष्टीला हो म्हणता येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तुझी आई अजून कशी आली नाही?" मी म्हणाले, "येईल, बाजारात गेलीय," आणि मग संध्याकाळपर्यंत ते दाराकडं बघत बसले. त्या दिवशी मी खेळत होते की फसवत होते? मग मी दुसरं उत्तर शोधलं. त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "तुम्हाला तिची आठवण येतेय. मलाही येतेय." ते मान डोलवायचे. कधी तेवढं पुरायचं, कधी नाही. प्रशिक्षणात मी आता कमी बोलते. या खेळांनी सगळं सुटतं, असं सांगायची मला भीती वाटते. भर हॉलमध्ये समोरच्याचा हात धरून त्याच्या जगात पाऊल टाकताना मन किती कचरतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून कुणी भिंतीला टेकून बसलं तर मी आग्रह करत नाही.

यंदाही ट्रॅक्टर सुरू झालेत. शाळेच्या फाटकाशी आया उभ्या राहू लागल्यात. अण्णा मात्र आता उठत नाहीत. शर्ट मागत नाहीत, दारापाशी जात नाहीत, बोलतच नाहीत फारसं. पूर्वी मी ते घराबाहेर पडतील म्हणून जागी व्हायचे, आता ते पडत नाहीत म्हणून होते. आज सकाळी त्यांच्याजवळ बसून मी म्हणाले, "अण्णा, आज गणिताचा पेपर आहे." नजर हललीसुद्धा नाही. आणखी एकदा म्हणाले. काही नाही. हो म्हणायला समोरून काही यावं तरी लागतं, असं मनात आलं आणि मला एकदम एकटं वाटलं.

मग लक्षात आलं की त्यांचे हात चाललेत. अंगावरच्या चादरीची डावी कड ते दुमडत होते, बोटांनी दाबत होते, पुन्हा उलगडून पुन्हा दुमडत होते. सरळ, कडेपासून सारख्या अंतरावर. पेपर सुरू होण्याआधी मुलं कोऱ्या कागदाला समास पाडतात, तशी.

मी काही विचारलं नाही. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, माझ्याकडची कड हातात घेतली आणि त्यांच्या अंतराचा अंदाज घेत दुमडायला लागले.